पॉइंट रेजचे जुने टोपोशीट: रँच, कडे आणि काळे चौकोन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला, मरिन काउंटीत, पॉइंट रेज नावाचं एक द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. बे एरियातले मराठी लोक तिथे दीपगृह बघायला, हरणं बघायला, पावसाळ्यानंतरची हिरवळ बघायला जातात. मी तिथे गेली बरीच वर्षं जुन्या टोपोशीटची, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची, छापील प्रत पिशवीत घेऊन हिंडतो. सोबत आलेले लोक त्या कागदाबद्दल जे विचारतात, त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे मांडले आहेत.

"जुनी टोपोशीट" म्हणजे नेमकी कोणती?

अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, म्हणजे यूएसजीएस, १८७९ मध्ये स्थापन झाली आणि १८८० च्या दशकात तिने देशभर उंचसखलपणा दाखवणारे नकाशे काढायला घेतले. कॅलिफोर्नियाच्या या भागासाठी दोन मालिका महत्त्वाच्या आहेत. पहिली विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, १५ मिनिटांची: एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश, प्रमाण १:६२,५००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ६२५ मीटर. आपल्याकडच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या "एक इंच एक मैल" शीट ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल, कारण एक मैलाला ६३,३६० इंच होतात आणि दोन्हींत फरक नावालाच उरतो.

दुसरी मालिका साडेसात मिनिटांची, प्रमाण १:२४,०००. ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली. या मालिकेत अख्खं द्वीपकल्प एका कागदावर मावत नाही. ड्रेक्स बे, इनव्हर्नेस, टोमालेस, डबल पॉइंट, बोलिनास अशा शीट एकमेकींना जोडून ठेवाव्या लागतात. जमिनीवर पसरून गुडघे टेकून बघण्याचं काम आहे हे, आणि त्यात मजा आहे.

या खडकाळ किनाऱ्यावर रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी शेतं, आलेच कसे?

धुक्यामुळे आणि गवतामुळे. पॉइंट रेजला उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुकं येतं. आतल्या भागातलं गवत मे महिन्यात पिवळं पडतं, तेव्हाही इथल्या उतारांवर ओल टिकून असते. वारा इतका की झाड सरळ उभं राहत नाही, पण गवताला वाऱ्याचं काही नसतं. शेतीला नकोशी असलेली ही जमीन दुभत्या गुरांना मात्र मानवली.

मेक्सिकोच्या अमलात, १८३६ पासून, ही जमीन मोठमोठ्या इनामांच्या रूपात वाटली गेली. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला, इनामांवरून खटले सुरू झाले, आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस द्वीपकल्पाचा बहुतेक भाग व्हरमाँटहून आलेल्या वकिलांच्या हाती गेला: ऑस्कर शाफ्टर, त्याचा भाऊ जेम्स शाफ्टर आणि ऑस्करचा जावई चार्ल्स वेब हॉवर्ड. उत्तरेकडचं टोक, पिअर्स पॉइंट, तेवढं सॉलोमन पिअर्स नावाच्या वेगळ्या माणसाने घेतलं.

शाफ्टर-हॉवर्ड मंडळींनी जमिनीचे तुकडे पाडून त्यांवर डेअऱ्या उभ्या केल्या आणि त्या कुळांना कसायला दिल्या. कुळं आली ती आयर्लंडहून, स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातून, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून. घर, गोठा, गुरं मालकाची, राबणं कुळाचं. डेअऱ्यांना नावं ठेवण्याऐवजी इंग्रजी मुळाक्षरं दिली: दीपगृहाजवळच्या टोकावर ए रँच, मग बी, सी, डी, असं करत माउंट विटनबर्गच्या बाजूला झेड रँच. ही अक्षरं आजही तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर आहेत. "ऐतिहासिक एम रँच" अशी पाटी पाहून पुष्कळजण विचारतात की एम म्हणजे कोण. कोणी नाही. एम म्हणजे एल नंतरचा.

इथलं लोणी सॅन फ्रान्सिस्कोत नावाजलेलं होतं. त्यावर पीआर अशी मोहोर असे. मलई काढून उरलेलं दूध डुकरांना घालत, आणि लोणी व डुकरं दोन्ही शिडाच्या जहाजांतून शहरात जात. ड्रेक्स एस्टेरो या खाडीच्या एका फाट्याला स्कूनर बे म्हणतात ते याच जहाजांवरून. नकाशावर हे नाव निळ्या पाण्यात लिहिलेलं दिसलं की त्या पाण्यातून लोण्याची पिंपं चालली होती हे आठवायचं.

ते बारीक काळे चौकोन कसले?

इमारती. आणि माझ्या मते या नकाशातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

१५ मिनिटांच्या शीटवर एक भरीव काळा चौकोन म्हणजे घर. त्याच्यापर्यंत दोन समांतर रेषांचा रस्ता येतो. रस्ता कच्चा असेल तर त्या रेषा तुटक असतात. पायवाट असेल तर एकच तुटक रेषा. चौकोनावर छोटा झेंडा असेल तर शाळा. बस्स, इतकंच. गोठा किती मोठा, दूध काढायला किती माणसं, बाहेर कपडे वाळत होते का, यातलं काही नाही. तरीही पाच-सहा चौकोनांचा पुंजका एखाद्या सपाटीवर, ओढ्याच्या डोक्याशी, वाऱ्याच्या आडोशाला बसलेला दिसतो तेव्हा रँच कसा मांडला होता हे समजायला लागतं. पाणी वरच्या झऱ्यावरून, घर आडोशाला, गोठा उताराच्या खालच्या अंगाला म्हणजे शेण-मूत आपसूक वाहून जाईल.

रँचचं घर पडलं, सामान हललं, तरी एक गोष्ट राहते: झाडं. वारा अडवायला कुळांनी मॉन्टेरे सायप्रस आणि निलगिरीच्या रांगा लावल्या होत्या. उघड्या माळावर मधेच काळपट सायप्रसचा एक झुबका दिसला की टोपोशीट काढा आणि बघा. दहांतल्या आठ वेळा तिथे काळा चौकोन सापडतो. मला पहिल्यांदा असा सापडला तेव्हा मी त्या झाडांखाली बराच वेळ उभा होतो. पायाखाली दगडी जोत्याची एक कड होती आणि गवतात घराच्या अंगणात लावतात तशी लिलीची पांढरी फुलं उगवली होती. कुणीतरी ती हौसेने लावली असणार.

अमेरिकेच्या बाकी नकाशांवर असते तशी चौकोनी जाळी इथे का दिसत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याची नजर चांगली आहे असं मी समजतो. अमेरिकेच्या पश्चिमेचा मोठा भाग सरकारने एक मैल बाय एक मैल अशा चौकटींत मोजून वाटला. टोपोशीटवर त्या चौकटी आकड्यांसकट छापलेल्या असतात. पण जिथे मेक्सिकन इनामं आधीच होती तिथे ही मोजणी लागू झाली नाही. इनामांच्या हद्दी ओढा, डोंगराची धार, अमुक खडक, अशा खुणांनी ठरलेल्या, त्यामुळे वेड्यावाकड्या. पॉइंट रेजच्या शीटवर म्हणून चौकटी नाहीत. त्याऐवजी "पुंता दे लोस रेयेस" आणि "पुंता दे लोस रेयेस सोब्रांते" अशी इनामांची नावं मोठ्या विरळ अक्षरांत डोंगरांवर पसरलेली दिसतात. सोब्रांते म्हणजे उरलेली जमीन. १८४३ मध्ये आंतोनियो मारिया ओसियो याला ती मिळाली होती.

नकाशा काढला कसा? विमानातून?

१५ मिनिटांची शीट काढताना विमानाचा प्रश्नच नव्हता. आधी किनारा सर्वेक्षण खात्याने त्रिकोणांची साखळी बांधून काही डोंगरमाथ्यांचं नेमकं स्थान ठरवलेलं होतं. नकाशावर छोटा त्रिकोण दिसतो ती अशी जागा. मग सर्वेक्षक तिपाईवर प्लेन टेबल घेऊन निघायचा. टेबलावर कागद ताणलेला, त्यावर दुर्बीण बसवलेली पट्टी. साथीदार दूर उभा राहून मापाचा दांडा धरायचा. दुर्बिणीतल्या दोन आडव्या तारांमध्ये दांड्याचा किती भाग दिसतो त्यावरून अंतर, आणि दुर्बिणीच्या कोनावरून उंची. अशा ठिपक्यांच्या मधून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, मात्र सर्वेक्षक तिथेच, समोरचा डोंगर बघत बघत, हाताने काढायचा.

म्हणून जुन्या शीटच्या कंटूरमध्ये एक हात दिसतो. प्रत्येक घळीचं वळण तंतोतंत बरोबर असतं असं नाही, पण डोंगराची ठेवण बरोबर असते. पुढच्या साडेसात मिनिटांच्या शीट विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या यंत्राखाली ठेवून काढल्या. त्या जास्त अचूक आहेत. दोन्ही समोरासमोर ठेवल्या तर जुनी जास्त जिवंत वाटते असं मला वाटतं, आणि ते नुसतं जुन्याचं कौतुक नाही: त्या माणसाला कुठली धार महत्त्वाची वाटली, हे त्यात उतरलेलं असतं.

कड्यांवर कंटूर कसे वाचायचे?

तपकिरी रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणं. जवळजवळ असल्या तर चढ उभा, लांब असल्या तर सपाटी. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर उंचीचा आकडा असतो, फुटांत. दोन रेषांमधलं अंतर किती फुटांचं ते शीटच्या खालच्या कडेला छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण शेजारच्या शीटचं अंतर वेगळं असू शकतं.

किनाऱ्यावर एक धोका आहे. समजा अंतर ५० फुटांचं आहे. मग ४५ फुटांचा सरळ कडा एकाही रेषेला न छेदता दोन रेषांच्या मध्ये बसू शकतो. नकाशावर माळ अलगद समुद्राला टेकलेला दिसतो आणि प्रत्यक्षात पायाखाली चार मजली भिंत असते. सह्याद्रीत टोपोशीट घेऊन फिरणाऱ्यांना कातळकड्यांचा हा अनुभव आहेच. पॉइंट रेजला त्यात भर म्हणजे कड्यांचा खडक अनेक ठिकाणी ठिसूळ आहे आणि कड सुटून खाली येते. बेअर व्हॅलीची पायवाट जिथे समुद्राला भिडते तिथल्या आर्च रॉकचा भाग २०१५ च्या मार्चमध्ये कोसळला आणि त्यात एक जीव गेला. नकाशात कड आहे म्हणून कड तिथेच आहे असं धरू नका.

द्वीपकल्पातला सगळ्यात उंच माथा माउंट विटनबर्ग, १,४०७ फूट. आकडा लहान वाटतो. पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो.

टोमालेस बे इतकी सरळ का आहे? नकाशा काढणाऱ्याने पट्टी धरून काढली का?

नाही, पृथ्वीने काढली. ती खाडी सुमारे २४ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्या तळातून सान आंद्रेआस प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीच्या पोटातली लांबलचक भेग, जातो. तोच पुढे ओलेमा दरीतून बोलिनासपर्यंत जातो. नकाशावर खाडी, दरी आणि बोलिनासचं खाजण यांच्यातून बोट फिरवलं तर बोट वाकत नाही. पश्चिमेकडची जमीन पॅसिफिक भूपट्टाबरोबर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एका मोठ्या तुकड्याबरोबर, वायव्येला सरकते आहे. तिच्या पोटात ग्रॅनाइट आहे, आणि भेगेपलीकडे पूर्वेला अगदी वेगळा, समुद्रतळाचा चुराडा होऊन झालेला खडक. दोन्ही एका ठिकाणी जन्मलेले नाहीत.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ही रेषा हलली. सॅन फ्रान्सिस्को जळालं ते याच भूकंपानंतर. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ओलेमाच्या परिसरात येऊन रँचची कुंपणं मोजत फिरला. यात मला फार मोठी गोष्ट दिसते. गुरं अडवायला कुणा कुळाने सरळ रेषेत ठोकलेलं कुंपण, तेच भूकंप मोजायची पट्टी झालं. एक कुंपण तुटून जवळजवळ १६ फूट बाजूला गेलं होतं. टोमालेस बेच्या डोक्याशी एका रस्त्याची सरक तर २० फुटांच्या घरात होती. बेअर व्हॅलीच्या माहिती केंद्राशेजारी, म्हणजे जुन्या डब्ल्यू रँचवर, तसं तुटलेलं कुंपण पुन्हा उभं करून ठेवलं आहे. लहान मुलांना घेऊन जा. एक पाय या तुकड्याशी आणि दुसरा त्या तुकड्याशी ठेवायचा प्रयत्न ती करतातच, आणि पाय पुरत नाहीत.

मग १९०६ च्या आधीचा नकाशा आता चुकीचा ठरतो?

या प्रमाणावर नाही. १:६२,५०० ला पाच मीटर म्हणजे कागदावर मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा नाही. छापताना शाई त्याहून जास्त पसरते.

किनाऱ्याची निळी रेषा किती खरी?

खडकाळ टोकांवर बरीच खरी, वाळूवर फार कमी. लिमंटूरचा लांबट वाळूचा दांडा आणि ड्रेक्स एस्टेरोचं तोंड वेगवेगळ्या काळच्या शीटवर वेगवेगळं दिसतं, कारण वाळू हलते. त्यात सर्वेक्षकाची चूक नाही. वाळूचे ढिगारे तपकिरी ठिपक्यांनी दाखवतात, दलदल निळ्या गवताच्या खुणेने.

ज्यांना किनाराच बघायचा आहे त्यांनी टोपोशीटपेक्षा जुने किनारा सर्वेक्षण खात्याचे नकाशे बघावेत, ज्यांना टी-शीट म्हणतात. ते खातं १८०७ चं, यूएसजीएसच्या कितीतरी आधीचं. टी-शीटचं प्रमाण सहसा १:१०,०००, म्हणजे सहापट मोठं. त्यांवर भरतीची सरासरी रेषा, खडक, कुंपणं, बागा, घरं असं सगळं असतं, पण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की कागद कोरा. जहाजांना जेवढं हवं तेवढंच. १८५० आणि ६० च्या दशकांत रँच पहिल्यांदा उभे राहत होते तेव्हाचं चित्र त्यांत आहे. टोपोशीट त्यानंतर पन्नास वर्षांनी पूर्ण डोंगर भरून देते. दोन्ही मिळून बघावीत.

रंगांचा अर्थ काय?

सुरुवातीच्या शीटवर तीनच: काळा माणसाच्या कामाला, निळा पाण्याला, तपकिरी उंचीला. जंगलाचा हिरवा आणि मोठ्या रस्त्यांचा तांबडा नंतर आला. साडेसात मिनिटांच्या काही आवृत्त्यांवर जांभळा दिसेल. नंतरच्या विमानी फोटोंवरून जे बदल टिपले पण जमिनीवर जाऊन तपासले नाहीत, ते जांभळ्यात.

नकाशावर कोण नाही?

किनारी मिवोक लोक. ते इथे हजारो वर्षं राहत होते. १५७९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक या किनाऱ्यावर उतरला, १५९५ मध्ये मनिलाहून आलेलं सान आगुस्तीन जहाज ड्रेक्स बेमध्ये फुटलं, आणि दोन्ही वेळा किनाऱ्यावर भेटले ते मिवोकच. "रेयेस" हे नाव १६०३ मधलं: स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान विस्काइनो ६ जानेवारीला, तीन राजांच्या ख्रिस्ती सणाला, या टोकाजवळून गेला आणि त्याने राजांचं टोक असं नाव दिलं. टोकाला आधी काय म्हणत असतील, हे त्याने विचारलं नाही.

टोपोशीटवर मिवोक गावं नाहीत, शिंपल्यांचे ढीग नाहीत, गवत जाळून कुरणं राखायची त्यांची पद्धत नाही. उरली आहेत ती दोन-तीन नावं: ओलेमा आणि टोमालेस त्यांच्याच भाषेतून आलेली. रँचच्या कुळांना जी हिरवी माळरानं आयती मिळाली ती आपोआप झालेली नव्हती. मिवोकांच्या वारसांना, ग्रेटन रांचेरियाच्या संघटित जमातीला, केंद्र सरकारची मान्यता २००० मध्ये परत मिळाली. नकाशा वाचताना काळ्या चौकोनांइतकंच चौकोनांमधल्या कोऱ्या जागेकडे बघत जा.

रँचवर दूध काढणाऱ्या बायका, रोजंदारीवर आलेले गडी, यांचीही नावं नाहीत. पण त्यांची घरं निदान चौकोन म्हणून तरी आली.

नकाशा कुठे मिळतो? पैसे पडतात का?

फुकट मिळतो. यूएसजीएसने १८८४ पासूनच्या आपल्या जुन्या टोपोशीट स्कॅन करून लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. टोपोव्ह्यू नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर नकाशात जागा शोधायची, त्या जागेच्या सगळ्या वर्षांच्या आवृत्त्या समोर येतात, हवी ती उतरवून घ्यायची. साधं चित्र हवं तर जेपीईजी, संगणकावर दुसऱ्या नकाशावर बसवायची असेल तर जिओटिफ. अमेरिकन सरकारी काम असल्याने त्यावर कॉपीराइट नाही. छापा, फ्रेम करा, वाटा.

आपल्याकडे किनारपट्टीच्या शीट फार काळ प्रतिबंधित यादीत होत्या. ज्यांनी कोकणातल्या एखाद्या शीटसाठी अर्ज-विनंत्या केल्या आहेत त्यांना हे किती मोठं दान आहे ते सांगायला नको.

एक सूचना. शीटच्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षं छापलेली असतात. सर्वेक्षण एका वर्षीचं, आवृत्ती दुसऱ्या वर्षीची, पुनर्मुद्रण तिसऱ्या. घर कधी उभं होतं हे ठरवताना सर्वेक्षणाचं वर्ष धरा. पुनर्मुद्रणाचं वर्ष धरून "१९४० मध्ये इथे शाळा होती" असं म्हटलं तर ती शाळा तेव्हा बंद पडून दशकं झालेली असू शकतात.

फोनच्या जीपीएसवर जुना नकाशा चढवला तर घरं बाजूला सरकलेली का दिसतात?

कारण जुन्या आणि नव्या नकाशांचा आधार, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो पाया (डेटम), वेगळा आहे. विसाव्या शतकातल्या बहुतेक टोपोशीट १९२७ च्या उत्तर अमेरिकी आधारावर बेतलेल्या आहेत, आणि त्याआधीच्या आणखी जुन्या आधारावर. फोन वापरतो तो १९८४ चा जागतिक आधार. तेच अक्षांश-रेखांश दोन्हींत घातले तर कॅलिफोर्नियाच्या या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास हलते, मुख्यतः पूर्व-पश्चिम. घर सापडत नाही म्हणून हिरमुसू नका; शंभर मीटर दोन्ही बाजूंना बघा. जिओटिफ वापरलंत आणि प्रणालीत आधार नीट निवडलात तर हा घोळ बराचसा मिटतो.

कंपासचंही तसंच. चुंबकीय उत्तर सरकत असते. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या शीटवर खऱ्या उत्तरेपासूनचा तिचा इथला फरक १७ ते १८ अंश पूर्व छापलेला असतो, आज तो १३ च्या आसपास आहे. जुन्या कागदावरचा आकडा कंपासला लावला तर एका किलोमीटरला सत्तर-ऐंशी मीटर चूक होते.

जुन्या नकाशावरची पायवाट धरून चालता येईल का?

धरू नका. मी एकदा धरली. टेकडीच्या खांद्यावरून एका बंद पडलेल्या रँचकडे जाणारी तुटक रेषा होती. पहिले दोनशे पावलं वाट होती, मग कमरेएवढी झुडपं, मग डोक्याएवढी, आणि त्यांत मिसळलेला पॉयझन ओक. दोन आठवडे अंगावर पुरळ घेऊन वावरलो. गुरं चरायची थांबली की इथला माळ काही वर्षांत कोयोटी ब्रशच्या झुडपांखाली जातो, आणि गुरांच्या खुरांनी राखलेल्या वाटा सगळ्यात आधी मिटतात. चालायला राष्ट्रीय किनाऱ्याचा, म्हणजे आज ही जमीन ज्यात येते त्या सरकारी राखीव क्षेत्राचा, आजचा नकाशा घ्या, आणि जुनी शीट समजून घ्यायला घ्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही घ्या. कड्याखालच्या काही पुळणी भरतीला पूर्ण पाण्याखाली जातात.

नकाशातले रँच आज आहेत का?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत उत्तर बदललं आहे.

१९१९ पासून पुढच्या वीस वर्षांत शाफ्टर-हॉवर्ड कुटुंबांनी रँच विकले आणि कित्येक कुळं मालक झाली. मग शहर वाढू लागलं, किनाऱ्यावर बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले. ते थांबवायला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १३ सप्टेंबर १९६२ रोजी पॉइंट रेज राष्ट्रीय किनाऱ्याच्या कायद्यावर सही केली. रँचवाल्यांनी जमीन सरकारला विकली आणि भाडेपट्ट्यावर तिथेच राहून गुरं ठेवली. ही तडजोड साठ वर्षं चालली. पिअर्स पॉइंटचा रँच मात्र १९७३ मध्ये बंद झाला, आणि १९७८ मध्ये त्या टोकावर ट्यूल एल्क, म्हणजे इथली मूळची मोठी हरणं, पुन्हा आणून सोडली.

एल्क वाढले, त्यांना अडवायला घातलेल्या कुंपणाला भिडले, दुष्काळात मेले. गुरांच्या शेणाने ओढे खराब होतात ही तक्रार वाढली. २०२२ मध्ये पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये समझोता जाहीर झाला: द्वीपकल्पावरच्या १४ पैकी १२ रँचनी पैसे घेऊन जागा सोडायची, साधारण पंधरा महिन्यांची मुदत. पैसा नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने उभा केला. त्याच सुमारास एल्कचं कुंपणही काढलं गेलं.

मला विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी हळहळतो. ओढे स्वच्छ व्हायला हवेत, एल्क मोकळे हवेत, यात माझ्या मनात शंका नाही. पण पाच पिढ्या एका गोठ्यात दूध काढणाऱ्या घरांनी सामान बांधायचं, आणि त्यांच्याबरोबर त्या रँचवर राहणाऱ्या मजूर कुटुंबांनीही, ज्यांच्या नावावर भाडेपट्टा कधीच नव्हता, हे बघवत नाही. मजूर कुटुंबांना आसपास परवडणारं घर मिळणं महाकठीण आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात त्यांच्यासारख्यांना नाव नव्हतं. आजच्या कागदांतही त्यांचा उल्लेख शेवटी येतो.

म्हणून सध्या मी भेटेल त्याला सांगतो की रँचचे फोटो काढा, जुन्या शीटवर जागा खूण करून ठेवा, वर्ष लिहा. राहिलेल्या लोकांशी बोला, त्यांना वेळ असेल तर. त्यांच्या खासगी आवारात मात्र शिरू नका.

एकच दिवस आहे. शीट घेऊन कुठे जावं?

पिअर्स पॉइंटला. टोमालेस नावाची शीट घ्या. गाडी जिथे थांबते तिथेच जुना रँच जपून ठेवला आहे: पांढरी घरं, मोठा गोठा, दुधाची खोली, शाळा, आणि भोवती सायप्रस. आधी तो नीट बघा, कुठली इमारत कुठे आहे ते शीटवरच्या चौकोनांशी ताडून. मग टोकाकडे चालायला लागा. जाऊन येऊन सुमारे पंधरा किलोमीटर. डावीकडे खुला समुद्र, उजवीकडे टोमालेस बे, मध्ये तुम्ही ज्या धारेवर आहात ती ग्रॅनाइटची. पाचएक किलोमीटरवर उतारात निलगिरीचा एक झुबका आणि एक तळं येतं. घर नाही. इथे पिअर्स पॉइंटचा खालचा रँच होता.

तिथे बसून डबा खा. वाऱ्याला पाठ करून बसा, कुळंही तसंच बसत असतील. शीट उघडी ठेवायची असेल तर चार दगड शोधून ठेवा.